‘वंचित’ आहात? मग फसवलं कोणी ते सांगा

नागपूरच्याच एका वाचकाने विचारलं आहे: ‘वंचित’ आणि ‘उपेक्षित’ यांत फरक काय? आणि हल्ली कोणीही कशापासूनही स्वतःला वंचित म्हणवून घेतो, म्हणजे खऱ्या गोरगरिबांबद्दलची कणव समाजात उरली नाही असं समजायचं का?

‘वंचित’ शब्द निघाला की माझं डोकं फिरतं. नागपूरच्या सीताबर्डीवर पोहे खाताना तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा संपला, तर ‘आपण वंचित राहिलो बे’. सोसायटीच्या नोटिशीत ‘काही सभासद पार्किंगपासून वंचित’. लग्नाला जाता आलं नाही, तर ‘स्नेहभोजनापासून वंचित’. अरे, तुम्हाला फसवलं कोणी?

कारण वंचित म्हणजे फसवलेला. वंचना म्हणजे फसवणूक, वंचक म्हणजे फसवणारा. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात कोल्ह्याच्या नावांमध्ये ‘वंचक’ दिमाखात बसलेला आहे. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशातही वंचितचा पहिला अर्थ ठकवलेला, असाच आहे. ‘ज्याला मिळालं नाही तो’ हा अर्थ मागाहून आला, आणि आता त्याने मूळ मालकालाच घराबाहेर काढलं.

खरी मजा धातूत आहे. वञ्च् म्हणजे वाकडं जाणं, हुलकावणी देत सरकणं. तिथून दोन वाटा फुटल्या. एकीवर फसवणं आलं. दुसरीवर निसटणं आलं, आणि त्यातून हिंदीचं ‘बचना’ व आपलं ‘वाचणे’, म्हणजे जीव वाचतो ते. पुस्तक वाचतो ते वाचणे निराळं, ते ‘वाच्’पासूनचं, दोघांची गल्लत नको. टर्नर यांनी इंडो-आर्यन भाषांच्या तुलनात्मक कोशात बचनाचं मूळ वञ्च्पाशीच नेलं आहे. म्हणजे वंचित आणि वाचलेला हे सख्खे भाऊ! हुलकावणी देणारा वाचला, ज्याला दिली तो वंचित. बँकेतली ‘बचत’सुद्धा याच कुळातली. एकाची बचत आणि दुसऱ्याची वंचना एका धातूतून निघावी, हे मला कळलं त्या दिवशी मी घरात भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. कोणी फारसं ऐकलं नाही.

आता माझा एक हट्ट. ‘वक्र’ याच वञ्च्मधून आला. ‘वाकडा’ ज्या ‘वंक’वरून आला तोही याच गोतावळ्यातला. मग पसायदानातली ‘खळांची व्यंकटी’ परकी कशी? व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, यावर कोणाचं दुमत नाही. तिची सोयरीक वंचितशी मी जुळवतो. ज्ञानेश्वर खळांचा नाश मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा सांडो म्हणतात. वाकडं चालणारा सरळ झाला तर वंचित उरेलच कोण? व्युत्पत्तीचे काटेकोर लोक यावर नाक मुरडतील. खुशाल मुरडावं, पण वेगळी व्युत्पत्ती घेऊन यावं, नुसतं नाक घेऊन येऊ नये.

माझे एक प्राध्यापक स्नेही म्हणतात, ‘भाषा बदलते, लोक वापरतात तो अर्थ खरा.’ हे वाक्य मी आजवर फक्त शब्दकोश न उघडणाऱ्यांकडून ऐकलं आहे. बदल मलाही मान्य आहे. पण या बदलात गेलं काय ते तरी पाहा. अभागी, कमनशिबी, दुर्दैवी हे सगळे शब्द दोष नशिबावर ढकलतात. दोष फसवणाऱ्या माणसावर ठेवणारा शब्द आपल्याकडे होता, तो आपण तर्रीवर उधळला.

बर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला विधिमंडळाच्या अधिवेशनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 गोवारी गेले. अनुसूचित जमातींच्या यादीतली ‘गोंड गोवारी’ ही एक जमात की मधला स्वल्पविराम गळालेल्या दोन, यावर त्यांचं भांडण होतं. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. निकाल काहीही असो, ‘आम्हाला कोणी ठकवलं?’ हा प्रश्न त्यांनी विचारला होता. वंचित शब्द वापरायचा तर अशा ठिकाणी.

कणव आटली का, हे राहिलंच. एका शब्दाच्या गैरवापरावरून समाजाच्या काळजाचं माप काढणं मला पटत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा याच शहरात रस्तोरस्ती भोजनदान चालू असतं. वाढणाऱ्यांना वंचितचा धातू माहीत नसतो आणि त्याने काही अडत नाही. शब्द मात्र बोथट झाला आहे, एवढं खरं.

उपेक्षित म्हणजे ज्याच्याकडे दुर्लक्ष झालं तो. त्यात फसवणूक असेलच असं नाही. पण मूळ धातू ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणं. पालीत ‘उपेक्खा’ हा मैत्री, करुणा, मुदिता यांच्यानंतरचा चौथा ब्रह्मविहार, म्हणजे बौद्ध साधनेतल्या चार उदात्त मनोवृत्तींपैकी एक, मनाचा समतोल. मराठीत तीच उपेक्षा म्हणजे तोंड फिरवणं. करुणेच्या पंक्तीतला शब्द इतका खाली कसा घसरला, याबद्दल माझं एक मत आहे, पण ते इथे मावणार नाही. वेगळं विचारा.