चौथीतल्या मुलाला यमक, उपमा कसं समजवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चौथीत आहे, कविता दोन दिवसांत तोंडपाठ करतो, पण यमक किंवा उपमा विचारली, 'अर्थ सांग' म्हटलं की गप्प बसतो. मी बरीच वर्षं प्राथमिकच्या वर्गांना मराठी शिकवते आहे. अशा मुलाला कविता कळत असते. आपणच उलटीकडून सुरुवात करतो: आधी व्याख्या, मग उदाहरण आणि कविता सगळ्यात शेवटी.

त्याला जे आधीपासून येतं तिथून सुरुवात करा. 'ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा' त्याला येतच असेल. ते म्हणायला लावा आणि ओळीच्या शेवटी टाळी द्यायला सांगा. पावसा–पैसा, सरी–भरी, धावून–वाहून. टाळी पडते तिथे यमक, एवढं त्याला पुरे. 'खोटा' आणि 'मोठा' आलं की थांबा. ट आणि ठ वेगळे, तरी कानाला कसे चालले? हा प्रश्न मुलांना फार आवडतो. मग 'सर आली धावून' पाशी विचारा, सरीला पाय असतात का? निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की तिला चेतनगुणोक्ती म्हणतात. हे नाव आत्ता सांगू नका, सातवी-आठवीनंतर कळलं तरी चालेल.

कडवं आणि ध्रुवपद समजवायला आरती पुरते. सगळे मिळून 'जय देव जय देव' म्हणतात, ते ध्रुवपद.

रचना मात्र बोटांवर मोजून दाखवा. तुकोबांचा अभंग घ्या:

सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया

पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं. मोजताना मुलं हमखास 'ध्या'ची दोन अक्षरं धरतात आणि सात येतात. तिथे त्याला स्वतःला चूक सापडू द्या, जोडाक्षर एकच मोजायचं हे मग कायमचं लक्षात राहतं. शेवटचा चरण छोटा का, हे सांगत बसण्यापेक्षा टाळ्या वाजवत म्हणून बघा. श्वास घ्यायला जागा मिळते, ती त्याची त्यालाच जाणवेल.

आता उपमा. याला माझ्याकडे एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे कोडी. 'सुपभर लाह्या, त्यात एक रुपया.' उत्तर: चांदण्या आणि चंद्र. (घरात सूप नसेल तर कुठून तरी आणून दाखवाच, आजकाल बऱ्याच मुलांनी पाहिलेलं नसतं.) उत्तर आलं की खरा प्रश्न विचारा: लाह्या आणि चांदण्या कशाच्या बाबतीत सारख्या? पांढऱ्या, पसरलेल्या, मोजता न येणाऱ्या. या सारखेपणाला व्याकरणात साधारण धर्म म्हणतात, आणि तो सापडला की उपमा कळली. कोड्यात मूळ वस्तू लपवलेली असते. ती उघड करून 'सारखा' जोडा: 'चंद्र रुपयासारखा गोल.' झाली उपमा. 'सारखा' काढून दोन्ही एकच करून टाका: 'आभाळाचं सूप.' हे रूपक. 'जणू'वाली उत्प्रेक्षा ('चंद्र म्हणजे जणू रुपयाच' अशी कल्पना) चौथीत घुसडू नये असं माझं मत आहे, त्याने गोंधळच वाढतो.

एक काळजी घ्या. 'चंद्रासारखा चेहरा', 'कापसासारखे मऊ' अशा तयार उपमा त्याला पाठ करायला देऊ नका. गाइडमध्ये त्या भरपूर असतात आणि मूल काही न बघता त्या लिहून मोकळं होतं. आमच्या वर्गात मी एकदा 'आजीचा हात कसा?' असं विचारलं. सगळ्यांनी मऊ, मऊ लिहिलं. एका मुलीने लिहिलं, 'मक्याच्या पानासारखा.' मी विचारलं, कशाच्या बाबतीत? म्हणाली, 'खरखरीत आहे, पण गालाला बरं वाटतं.' मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्या दिवशी तेवढंच शिकवलं.

मग त्याला स्वतःचं कोडं करायला लावा. आधी 'पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब' घाला आणि कणीस कसं माणूस झालं ते त्यालाच शोधू दे. नंतर स्वयंपाकघरातली एक वस्तू निवडा. ती काय करते, काय केलं तर रागावते, तिच्या पोटात काय असतं, असं विचारत जा. माझ्या एका विद्यार्थ्याने केलेलं कोडं मी अजून वर्गात घालते:

डोक्यावर शिट्टी, पोटात भात,
राग आला की लावू नये हात.

मुलाला उत्तर ओळखू दे. मग विचारा, यमक कुठे आहे आणि कुकरला राग खरंच येतो का.