हुकूम कोणाचा?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चौकशी समिती नेमली म्हणजे प्रकरण पुढे सरकलं की गाडलं गेलं, असं तू विचारतेस. लगेच खाली विचारतेस, पोलिसांनी रात्री ज्यांचं दार तोडलं त्या कुटुंबाला भरपाई घ्यायला सांगू का. या दोन्हींच्या आधीचा प्रश्न मात्र तू विचारलाच नाहीस. त्या रात्री भलत्याच घराचं दार तोडायचा हुकूम कोणाचा होता? एवढ्या पानांत ‘पोलिसांनी’ ओळीओळीला आलंय, नाव एकही नाही. दार तोडणाऱ्याला नाव असतं, बक्कल नंबर असतो, आणि त्याला पाठवणाराही कोणी असतो.

मी नागपूरचा, त्यामुळे गोवारींपासूनच सुरुवात करणार. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशन चालू. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला बायका-पोरांसकट आलेला गोवारी समाजाचा मोर्चा. पोलिसांनी अडवून धरलेल्या त्या गर्दीत लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली. आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला, न्यायमूर्ती दाणी यांचा आयोग बसला. शिक्षा एकाही अधिकाऱ्याला झाली नाही. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज गोवारी शहिदांचं नाव आहे. त्या लाठीमाराची जबाबदारी मात्र कोणाच्याच नावावर नाही.

रमाबाई नगर बघ. ११ जुलै १९९७, घाटकोपर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाने गोळीबार केला. दहा माणसं मेली. सरकार म्हणालं, गॅसचे टँकर पेटवणार होते. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाला ते पटलं नाही. गोळीबार असमर्थनीय होता, असं त्यांनी लिहून ठेवलं. तिथे निदान एक नाव हाती लागलं, तुकडीच्या उपनिरीक्षकाचं. जन्मठेप झाली २००९ मध्ये, बारा वर्षांनी, आणि पाठोपाठ उच्च न्यायालयातून जामीनही. आता तू म्हणशील, मग काय उपयोग? असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. नाव होतं म्हणून खटला उभा राहिला. नाव नसलं की नुसती पुण्यतिथी उरते.

आयोगाकडून भलत्या अपेक्षा ठेवू नकोस. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याप्रमाणे आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. अहवाल आणि त्यावर काय केलं याचं निवेदन सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवायचं असतं. ते ठेवलं का, एवढं आमदाराला विचारायला लाव. तुझा तर आयोगही नाही, खात्याने खात्यावर बसवलेली समिती आहे. तिच्यापुढे जा, जबाब दे, पोच घे. रडू नकोस. तिथे रडलेलं कागदावर येत नाही.

हुकूम हवेत नसतो. जमाव पांगवायचा तर तो कोणी फर्मावायचा हे कायद्यातच आहे: कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी, तो नसेल तर किमान उपनिरीक्षक. घरझडतीचंही तसंच; कारण आधी लिहून ठेवावं लागतं. म्हणजे स्टेशन डायरी आहे, वायरलेसची नोंद आहे, गाडीचं लॉगबुक आहे. आणि ठाण्यातला सीसीटीव्ही आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय की त्याचं चित्रण शक्यतो १८ महिने, निदान वर्षभर जपायचं. ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर येणारच. ते लेखी घे. कोणी बंद केला, कोणाच्या सांगण्यावरून, हे पुढच्या अर्जात.

परभणीचं तू स्वतःच लिहिलंस. डिसेंबर २०२४ मधलं ते कोंबिंग ऑपरेशन, म्हणजे घराघरांत शिरून केलेली धरपकड, कायदा शिकणाऱ्या मुलाचा कोठडीतला मृत्यू. त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती, असं विधानसभेत सांगण्यात आलं. शवविच्छेदनाचा कागद अनेक जखमांबद्दल बोलत होता. त्याची आई मागे हटली नाही, आणि जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितला. सर्वोच्च न्यायालयातही ते टिकलं. ती बाई वकील नव्हती. तू होणार आहेस. हताश व्हायचा हक्क तुला नाही.

भरपाईचं. घेऊ दे त्यांना. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या नीलाबती बेहरा निकालापासून तो हक्क मानला गेलाय, कोणाचे उपकार नाहीत. पण ‘आमची काही तक्रार नाही’ अशी ओळ त्या पावतीवर असेल, तर अंगठा उठवू देऊ नकोस. आणि लक्षात ठेव, ते पैसे तिजोरीतून येतात. हुकूम देणाऱ्याच्या खिशातून छदामही जात नाही.

माझ्याबद्दल तुझ्या कानावर आलंच असेल. पक्षकारांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवणारा म्हातारा. खरंय. माझ्या एका पक्षकाराचे वडील निकाल न बघताच गेले. शेजारच्या घराने तडजोड केली, त्यांच्या मुलीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही. रात्री वाटतं. पण माझ्या पक्षकारांनी विचारलं तेव्हा मी दोन्ही वाटा सांगितल्या होत्या. त्यांना नाव हवं होतं, मलाही. मी हट्टी नसतो तर त्या खटल्यातलं पोलीस गाडीचं लॉगबुक न्यायालयात आलंच नसतं, हे माझ्यामागे बोलणाऱ्यांना कोणी सांगत नाही. असो. हे तुझ्या पत्राचं उत्तर नव्हे.

खटल्याला सरकारची मंजुरी लागेल म्हणून तू घाबरलीस. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याला १२० दिवसांची मुदत आहे; तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. पण ती मागायची कोणाविरुद्ध? ‘पोलिसांविरुद्ध’? बघ, फिरून तिथेच आलो.

चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज उद्याच अधीक्षक कार्यालयात दे, आवक क्रमांक टाकून घे, एक प्रत मला पाठव. त्या घरातल्या आजोबांच्या हाताचा एक्स-रे सरकारी दवाखान्यातलाच हवा, खासगीतला असेल तर पुन्हा काढा. आणि दार दुरुस्त करायची घाई त्यांना करू देऊ नकोस. पंचनामा झालाय का, ते तू लिहिलंच नाहीस.

तुझा,
काका