‘लाँड्री फाइल्स’ ही इंग्रजी कादंबऱ्यांची मालिका कुठून वाचायला सुरुवात करावी? तिच्यातलं सरकारी ऑफिस इतकं खरं कसं वाटतं? तिचा लेखक खरंच हेरखात्यात होता का?

नाही, चार्ल्स स्ट्रॉस हेरखात्यात नव्हता. तो फार्मासिस्ट होता, म्हणजे माझ्याच धंद्यातला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझं मेडिकल आहे. मे महिन्यात भर दुपारी इथे रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, त्या वेळात ही मालिका मी मोबाइलवर वाचली. तेव्हा हे उत्तर काउंटरच्या आतून आलंय असं समजा.

जन्म १९६४ चा, लीड्सचा. १९८७ मध्ये तो फार्मासिस्ट झाला. दुकानावर दरोडा पडणार म्हणून पोलीस दुसऱ्यांदा दबा धरून बसले, तेव्हा कुठे हा धंदा आपला नव्हे हे डोक्यात शिरलं, असं तो स्वतःच सांगतो. मग ब्रॅडफर्डला कम्प्युटर सायन्स शिकला, सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअलं लिहिली, एडिंबरोत ऑनलाइन पेमेंटच्या कंपनीत प्रोग्रामिंग केलं, एका मासिकात लिनक्स या कम्प्युटर प्रणालीवर सदरही चालवलं.

हे सगळं मालिकेत उतरलंय. इथे जादू म्हणजे गणित. गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने एक प्रमेय सोडवलं, त्यातून दुसऱ्या विश्वांची दारं उघडतात आणि पलीकडे जे बसलंय ते भुकेलं आहे. बॉब हॉवर्ड नावाचा पोरगा कम्प्युटरवर आकृत्या काढता काढता चुकून वॉल्व्हरहॅम्प्टन शहर उडवायच्या बेताला येतो. मग सरकार त्याला उचलून गुप्त खात्यात नोकरी देतं. राजीनाम्याची सोय नाही. खात्याचं जुनं ऑफिस लंडनच्या सोहो भागात एका चिनी लाँड्रीच्या वर होतं, म्हणून ते ‘लाँड्री’. नारायण धारपांच्या समर्थकथा वाचल्या असतील तर पलीकडचं भुकेलं जग तुम्हाला नवं नाही. फक्त इथे त्या कथांच्या नायकाच्या, समर्थांच्या जागी टाइमशीट भरणारा कारकून आहे, आणि त्याला साहेबाची भीती राक्षसाहून जास्त.

आता तुम्ही विचारलंय की ऑफिस इतकं खरं कसं वाटतं. माझं मत असं की हेरखात्यात असता तर त्याला हे जमलं नसतं. आमच्याकडे शेड्यूल एच-१ ची, म्हणजे सरकारने कडक नोंद सक्तीची केलेल्या औषधांची वही असते. अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, टीबीची औषधं, काही भारी अँटिबायोटिक यातलं काही दिलं की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, नग, सगळं तिच्यात उतरवायचं आणि वही तीन वर्षं जपायची. गिऱ्हाईक वैतागतं: “दोन गोयांसाठी एवढं काहून लिहून राह्यले भाऊ?” काहून, तर हातातली वस्तू माणूस मारू शकते, आणि तिच्यावर नजर ठेवायला वही सोडून आपल्याकडे फारसं काही नाही. लाँड्रीत यू-पिनांचाही हिशेब घेतात. वाचताना आधी हसू येतं. मग कळतं की गुप्त फायलीला लागलेल्या पिनेत त्या फायलीचा अंश उरतो, शत्रूच्या हाती ती पडली तर फाइलच गेल्यासारखी. हे सुचायला काउंटरमागे उभं राहिलेला माणूसच लागतो, असं मला वाटतं. (माझ्या वहीत पिना नाहीत, अजून तरी.)

सुरुवात ‘द ॲट्रॉसिटी आर्काइव्ह्ज’पासूनच करा, २००४ चं पुस्तक. त्यात ‘द काँक्रीट जंगल’ ही दीर्घकथा आहे, तिला २००५ चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार मिळाला. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरात सिमेंटच्या गाईंची शिल्पं खरोखरच आहेत. बॉबला रात्री त्या मोजायला पाठवतात आणि एक गाय जास्त निघते. ती शिल्प नसते. कुणाची तरी नजर पडून जिती गाय दगड झालेली असते, आणि ती नजर आता सीसीटीव्हीत बसवता येते. पोळ्याला बैल सजवणाऱ्या गावात बसून हे वाचलं की पोटात गोळा येतो.

क्रम मोडू नका, बॉब पुस्तकागणिक बदलत जातो. दुसरं, ‘द जेनिफर मॉर्ग’ (२००६), जेम्स बाँडची टर आहे. मला ते ताणलेलं वाटलं, कंटाळा आला तर खुशाल चाळून पुढे जा. तिसरं, ‘द फुलर मेमोरँडम’, मात्र सोडू नका. पाचव्यात बँकेतले रक्तपिपासू आहेत आणि सहावं बॉबची बायको मो सांगते. तिचं व्हायोलिन हाडांचं आहे, एवढंच सांगतो.

इंग्रजी जरा जड जातं, खात्यांच्या लघुनावांचा तर भडिमार असतो. प्रत्येक शब्द शोधत बसू नका, तीस-चाळीस पानांत कान तयार होतो.