कॉलेजसाठी कर्ज घेण्याआधी हा हिशेब करा

फी किती हे सगळेच विचारतात. खरा खर्च म्हणजे फी, राहणं-खाणं, आणि त्या वर्षांत नोकरी केली असती तर मिळाला असता तो पगार. तिसरा आकडा बहुतेक जण विसरतात.

आता व्याज. समजा चार वर्षांच्या सुरुवातीला दरवर्षी २५० असे एकूण १,००० उचलले, दर १० टक्के सरळव्याज. शिकताना काहीच भरलं नाही, तर पदवी हातात येईपर्यंत २५० व्याज चढतं. ते मुद्दलात मिळवलं की कर्ज १,२५० चं. त्याच दराने, उरलेल्या कर्जावर व्याज धरून, दहा वर्षांच्या हप्त्याने फेडताना महिन्याला साधारण १६.५०, म्हणजे एकूण १,९८० च्या घरात. जवळपास दुप्पट! शिकतानाच व्याज भरत गेलात तर हे एकूण १,८४० च्या आत राहतं. अर्धवेळ कामाचे पैसे आधी इथे घाला.

कॉलेज ‘सरासरी पगार’ सांगेल. दोन-चार मोठे पगार सरासरी फुगवतात, म्हणून मधला पगार (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मध्ये येणारा) विचारा, आणि नोकरी न लागलेले त्यात धरलेत का तेही.

सगळ्यात वाईट अवस्था महाग पदवीची नाही, अर्धवट सोडलेल्या पदवीची: कर्ज डोक्यावर, कागद शून्य. विषयाबद्दल शंका असेल तर पहिलं वर्ष स्वस्त कॉलेजात काढा. पण तिथले श्रेयांक (पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट) पुढच्या कॉलेजात चालतील हे लेखी घ्या.

आणि हप्ता इतकाच ठेवा, की नकोशी नोकरी सोडून तीन-चार महिने तग धरता येईल. माझ्या मते यशाचं हे माप पगाराच्या आकड्यापेक्षा भरवशाचं आहे.