खेकड्याचं बीळ

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

वेर्ण्याच्या कारखान्यात तुला शिफ्ट सुपरवायझर केल्याचं तुझ्या आईनं कळवलं. कळवताना आनंद होता, पण पाठोपाठ "रात्रीची धड जेवत नाही ती" असंही म्हणाली. हाताखाली अठरा माणसं आणि त्यातली निम्मी वयानं तुझ्यापेक्षा मोठी. घास गोड कसा लागणार? माझी सगळी नोकरी कुंडईच्या कारखान्यात, मेंटेनन्समध्येच झाली. म्हणून म्हटलं, सवडीनं लिहावं.

माणसांनी माझं ऐकावं म्हणून काय करू, असं तू विचारलं होतंस. मला आधी तू एक सांग. शिफ्टला पोचल्यावर पहिली कुठे जातेस, कॉम्प्युटरपाशी की मशीनपाशी?

आमच्या आजोबांचं मांडवी नदीतल्या चोडण बेटावर खाजन होतं. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीची जमीन. बांध आहे म्हणून शेत, नाहीतर सगळी मांडवीच. बांधाला मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर करायची झडप. तिची लाकडी दारं भरती चढली की नदीच्याच रेट्यानं मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना बाहेर ढकलून वाट काढतं. वीज नाही, मोटर नाही, शेकडो वर्षं हे असंच चाललंय. लहानपणी मला वाटायचं, दारं जर आपली आपण उघडतात-मिटतात, तर आजोबा दर अमावास्या-पुनवेला बांधावर कशाला जातात?

एकदा मला बरोबर नेलं. मोठी भरती होती, पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर. आजोबा मात्र नदीकडे बघतच नव्हते. शेताच्या बाजूनं, खाली मान घालून चालले होते. एका जागी उकिडवे बसले. खेकड्याचं बीळ होतं, रुपयाएवढं, आणि त्याच्या तोंडाशी माती ओली. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. मग मलाही लावायला सांगितलं. खारट! तिथल्या तिथे गवत कोंबलं, चिखल थापला, टाचेनं दाबला आणि पुढे निघाले. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. तेच बीळ राहिलं तर पाणी त्याला आतून खात जातं आणि एका रात्री बांध फुटतो. मग गावातली सगळी कुळं कंबरभर पाण्यात उतरली तरी पुरी पडत नाहीत. आत शिरलेलं मीठ पावसानं धुऊन कोरगूट, म्हणजे खाजनातलं भात, पुन्हा धरायला वर्षं जातात.

एवढं बघूनसुद्धा मी चुकलो. आमच्याकडे एक वयस्क हेल्पर होता, शाळा फारशी न झालेला. एका सकाळी मोटरवर तळवा ठेवून मला म्हणाला, "साहेब, हिचं बेअरिंग आज वेगळं तापलंय." मी लॉगबुक बघितलं. ग्रीस आठ दिवसांमागे भरलेलं, आकडे ठीक. "बघू दुपारी," म्हटलं. दुपार व्हायच्या आत बेअरिंग जाम झालं, शाफ्ट गेला, दोन शिफ्ट बंद. नुकसान कंपनीनं सोसलं. मला सलत राहिलं ते दुसरंच. त्यानंतर कितीतरी महिने तो माणूस मला काहीच सांगायला आला नाही. त्याच्या हाताला जे कळत होतं त्याची मी किंमत केली नव्हती. बाय, तुझ्या अठरा जणांत असे हात नक्की आहेत. पहिली वीस मिनिटं त्यांच्यामधून फिर. काही सांगितलं तर लगेच त्यांच्यासोबत जाऊन बघ, खोटं ठरलं तरी बघ. आणि रात्री वहीत दोन ओळी लिहून ठेव: कोण काय म्हणाला, पुढे काय झालं. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये पडलेलं आठवड्यानंतर सापडत नाही.

आता गणपतीची चवथ येईल. सगळ्यांना एकाच दिवशी रजा हवी असेल आणि तुझी खरी परीक्षा तिथे आहे. ड्युटीची यादी करताना चवथीच्या दिवशी पहिलं नाव तुझं घाल. मग तुझ्या ख्रिस्ती सहकाऱ्यांशी बोल. नाताळात तुम्ही सुटा, आम्ही उभे राहू, असा शब्द दे आणि डिसेंबरात तो पाळ. आईला राग येईल, तिची समजूत मी घालीन.

शिकायला वेळच उरत नाही म्हणालीस, ते मला पटतं. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी इथलेच, गोव्यातल्या सांखवाळचे. शालेय शिक्षण जेमतेम. 1899 साली संस्कृत आणि बौद्ध धर्म शिकण्याच्या ओढीनं घर सोडलं, काशीत अन्नछत्रात जेवून शिकले, श्रीलंकेत पाली शिकले आणि पुढे हार्वर्डला जाऊन काम केलं. मी त्यांना फार मानतो. पण मागे तान्ही मुलगी घेऊन राहिलेली त्यांची बायको मला तितकीच आठवते, म्हणून सगळं सोडून शिक असं तुला म्हणणार नाही. पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररी आहे, 1832 पासूनची संस्था. सुट्टीच्या दिवशी दोन तास तिथे बस. आधी तुझ्याच मशीनचं शास्त्र वाच, बेअरिंग का तापतं इथपासून. मग जे आवडेल ते.

चवथीनंतरच्या अमावास्येला जमलं तर ये. रायबंदरहून फेरीनं चोडणला जाऊ. बांधावर शेवाळ असतं, जुन्या रबरी चपला घाल. आणि जेवून ये.

तुझा,
काका