गाडी अधूनमधून मिसिंग करते आणि कूलंटही कमी होतं, हेड उतरवायचं का?

हेड, म्हणजे इंजिनचा सिलिंडरांवरचा भाग, उतरवायला इतक्यात हो म्हणू नका.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. सात वर्षांची, चार सिलिंडरची सीएनजी गाडी. सकाळी चालू केली की अर्धा-एक मिनिट थरथरते, मग सुरळीत होते. चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात झटके द्यायला लागली, इंजिनचा दिवा लुकलुकला. स्कॅनरवर पी ०३०२ हा कोड आला. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली पंधरवड्यात खालच्या रेघेच्या खाली जाते, पण गाडीखाली डाग नाही. तापमानाचा काटा मात्र मध्यावर शांत. आणि गॅरेजवाले म्हणतात हेड गॅसकेट (हेडखालचं सील) गेलंय, हेड उतरवू.

त्यांचा अंदाज चुकीचाच असेल असं मी म्हणत नाही, लक्षणं तशीच आहेत. पण माझं साताऱ्यात गॅरेज आहे आणि हीच लक्षणं घेऊन आलेल्या सीएनजी गाड्या हेडला हात न लावता ठीक झालेल्या मी पाहिल्यात. आधी हेड उतरवायचं आणि मग कारण शोधायचं, हा क्रम उलटा आहे. मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) आणि कूलंट या दोन तक्रारी आधी वेगवेगळ्या तपासा. दोन्हींचा माग एकाच सिलिंडरपाशी पोचला, तरच हेडचा विषय काढायचा.

मिसिंगपासून सुरुवात करा, कारण त्याची पहिली तपासणी फुकटात होते. तीन-चार दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, म्हणून प्लग झिजला असेल किंवा प्लगला वीज देणारी कॉइल थकली असेल तर ते आधी गॅसवर दिसतं, तेही चढाला, पाय दाबल्यावर. पेट्रोलवर घाट सुरळीत चढली तर संशय प्लग, कॉइल, गॅसचा फिल्टर आणि गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर यांच्यावर जातो. दोन्हीवर झटके देत असेल तर पुढचं करा.

पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. तुमच्यासारख्या आडव्या इंजिनात मोजणी साधारणपणे टायमिंग चेनच्या बाजूने करतात, तरी मॅन्युअल बघून खात्री करा. आता दोनची कॉइल चारवर लावा आणि दोनचा प्लग तीनमध्ये घाला. बाकी काही बदलू नका. कोड पुसा आणि झटके येईपर्यंत गाडी चालवा. कोड ०३०४ झाला तर कॉइल गेली. ०३०३ झाला तर प्लग. आणि ०३०२ जागचा हललाच नाही, तर दोष त्या सिलिंडरच्या इंजेक्टरमध्ये, वायरिंगमध्ये, कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमधल्या दाबात) आहे, किंवा आत पाणी उतरतंय. चारही प्लग आणि चारही कॉइल एकदम बदलून टाकल्या की पैसेही जातात आणि हा पुरावाही जातो, म्हणून तसं करू देऊ नका.

प्लग काढताना सगळे ओळीने फडक्यावर मांडा आणि उजेडात नीट बघा. चांगल्या चाललेल्या सिलिंडरच्या प्लगचं टोक फिकट बिस्किटी रंगाचं असतं. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय तो प्लग त्या रांगेत ओळखू येतो, कारण वाफेने धुऊन तो बाकीच्यांपेक्षा स्वच्छ, पांढरट झालेला असतो. सकाळी गाडी चालू करायच्या आधी काढला तर कधीकधी टोकाला ओल दिसते, तिला गोडसर वास असतो. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभी बारीक काळी रेघ दिसली तर मात्र ठिणगी बाहेरून पळतेय, आणि त्याचा कूलंटशी काही संबंध नाही. प्लगच्या विहिरीत ऑइल किंवा पाणी साचलंय का तेही बघा. प्रेशरने इंजिन धुतल्यानंतर सुरू झालेली मिसिंग बऱ्याचदा तिथेच सापडते.

वायरिंगवरून हात फिरवायला विसरू नका. आपल्याकडे ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर शेडमध्ये, गोठ्यात आणि उभ्या गाडीच्या बॉनेटखाली येतात. इंजेक्टरची अर्धवट कुरतडलेली वायर खड्ड्यात सुटते आणि सपाट रस्त्यावर परत टेकते. अधूनमधून येणाऱ्या मिसिंगचं हे अगदी साधं कारण आहे.

आता कूलंट. खाली डाग नाही म्हणजे गळती आतच आहे, असं धरून चालू नका. गरम सायलेन्सरवर किंवा ब्लॉकवर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, जागीच वाफ होते आणि मागे रंगाचा कोरडा ओघळ राहतो, हिरवा, गुलाबी किंवा पांढरट. टॉर्च घेऊन वॉटर पंपाखालचं बारीक भोक, थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर, रेडिएटरच्या कडेच्या टाक्यांचा सांधा आणि हीटरचे पाइप बघा. डॅशबोर्डखाली पायपुसणं चिकट ओलं लागत असेल आणि काचेवर सारखं धुकं येत असेल तर हीटरची जाळी गळतेय. एसीचं पाणी वेगळं, ते स्वच्छ आणि बिनवासाचं असतं.

तुमच्या गाडीत आणखी एक जागा आहे, जी पेट्रोलच्या सवयीने काम करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे सीएनजीचा रिड्यूसर. टाकी पूर्ण भरलेली असताना गॅस २०० बारच्या आसपास असतो आणि रिड्यूसर तो काही मोजक्या बारवर आणतो. दाब असा एकदम उतरला की गॅस फार थंड होतो, म्हणून रिड्यूसरमधून इंजिनचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. त्यासाठी दोन जादा पाइप, त्यांचे सांधे आणि क्लिपा. गळायला तेवढ्या जागा वाढल्या. आणि कूलंट कमी झालं, रिड्यूसर वरच्या अंगाला बसवलेला असला, तर हवा आधी तिथे अडकते. मग रिड्यूसर तापत नाही, बाहेरून दव किंवा बर्फ धरतो, आतला पडदा कडक होतो आणि गॅसचा पुरवठा कमीजास्त व्हायला लागतो. घाटात गॅस जास्त लागतो, त्यामुळे झटके तिथेच येतात. म्हणजे एका सैल क्लिपेपायी कूलंटही जातं आणि मिसिंगही होते.

वाईहून रोज पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाणारी एक गाडी माझ्याकडे अशीच आली होती. दुसरीकडे हेडचा अंदाजखर्चही काढून झाला होता. घाट चढून आल्या आल्या बॉनेट उघडलं तर इंजिन हात लावू देत नव्हतं आणि रिड्यूसर माठासारखा गार होता. त्याच्या मागच्या पाइपावर, क्लिपेच्या कडेला, गुलाबी खडूसारखा थर जमला होता. पाइपाचा तुकडा आणि क्लिपा बदलल्या, हवा काढून कूलंट भरलं. ती गाडी नंतर मिसिंगसाठी आली नाही.

रिड्यूसरचा आणखी एक दोष हेड गॅसकेटची हुबेहूब नक्कल करतो. त्याच्या आतलं सील गेलं तर दाबाखालचा गॅस कूलंटमध्ये घुसतो, बाटलीत बुडबुडे येतात, पाइप टणक होतात, कूलंट बाहेर फेकलं जातं. बघणारा म्हणतो, बघा बुडबुडे, हेड गेलं. इथे निळ्या द्रावणाची चाचणी कामाला येते. चालू इंजिनच्या बाटलीतली हवा त्या द्रावणातून ओढतात. त्या हवेत जळालेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळं पिवळं होतं. न जळालेल्या सीएनजीने रंग बदलत नाही. म्हणून ही चाचणी गाडी पेट्रोलवर ठेवून करा आणि मग गॅसवर. बुडबुडे फक्त गॅसवर येत असतील आणि रंग निळाच राहत असेल, तर रिड्यूसर पकडा. गळती अगदी बारीक असेल तर थंड गाडीवर रंग बदलत नाही, चढावर चालवून आणून पुन्हा करा.

तरी सगळ्यात भरवशाची तपासणी प्रेशर पंपाची. इंजिन पूर्ण थंड हवं, गाडी रात्रभर गॅरेजात ठेवायची तयारी हवी. कूलंटच्या झाकणावर दाब छापलेला असतो, ०.९ किंवा १.१ बार असा काहीतरी. पंप बाटलीला लावून तेवढाच दाब द्यायचा, जास्त नाही. पंपाचा काटा टिकला तर झाकणच तपासा, कारण झाकण दाब धरत नसेल तर कूलंट वाफेने उडत राहतं आणि डाग कुठेच पडत नाही. काटा उतरला आणि बाहेर कुठे ओल नाही, तर सकाळी चारही प्लग काढून बारीक कॅमेरा आत सोडा. बाकी पिस्टन काजळीने काळे आणि दोन नंबरचा ओला किंवा धुतल्यासारखा लख्ख, असं दिसलं तर गॅरेजवाले बरोबर आहेत. सकाळचं थरथरणंही त्यात बसतं, कारण गाडी बंद केल्यावर सिस्टिममध्ये उरलेला दाब रात्रभर थोडं थोडं कूलंट सिलिंडरमध्ये ढकलत राहतो.

शेवटी कॉम्प्रेशन मोजून घ्या. सिलिंडरा-सिलिंडरात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको. शेजारचे दोन एकदम कमी भरले तर त्यांच्यामधलं गॅसकेट जळालेलं असतं. फक्त दोन नंबरचा कमी भरला आणि कूलंटचा काही पुरावा नसला तर वॉल्व्ह बघायला हवेत, कारण गॅसवर खूप चाललेल्या गाडीत वॉल्व्हची बैठक झिजते. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा फेस दिसला म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या धडधाकट गाडीतही तो येतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी.

हे होईपर्यंत गाडी सांभाळून वापरा. तापमानाचा काटा मध्यावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कूलंट फार खाली गेलं की सेन्सर हवेत लोंबकळतो आणि इंजिन तापलं तरी काटा शांत राहतो. रोज सकाळी थंड असताना बाटली बघा, गरम असताना झाकण अजिबात उघडू नका. कूलंट गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच घाला. बोअरचं पाणी ओतत राहिलात तर क्षार जाळीत बसतात. रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती बंद करणारी पावडर टाकायला कुणी सांगेल, ती टाकू नका. तिने हीटरची जाळी आणि रिड्यूसरचे अरुंद मार्ग तुंबतात. इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला की पाय लगेच सोडा, न जळालेलं इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भाग महाग आहे. आणि सकाळी स्टार्टर मध्येच दचकून अडकला तर पुन्हा पुन्हा मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग काम हेडवर थांबत नाही.

प्रेशर पंप, कॅमेरा आणि निळं द्रावण यांतल्या दोघांनी तरी दोन नंबरकडेच बोट दाखवलं तर बिनधास्त हेड उतरवा. पण नुसतं गॅसकेट बदलून घेऊ नका. हेड मशीन शॉपला पाठवून सपाटी मोजून घ्या, तडा आहे का ते दाबाखाली तपासून घ्या, कंपनी नवीन बोल्ट सांगत असेल तर नवीनच घाला. गॅसकेट मुळात का गेलं, म्हणजे पंखा उशिरा लागतो का, थर्मोस्टॅट अडकतो का, हेही त्याच वेळी शोधायला सांगा. गाडी परत घेताना हवा नीट काढली का ते समोर उभं राहून बघा: हीटर पूर्ण गरमवर, पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू, आणि त्यानंतर रिड्यूसरचे दोन्ही पाइप हाताला सारखेच गरम.