पोथ्यांवर पीएचडी सुरू करताय? आधी एवढं करा

अभिनंदन, विषय भारीच निवडलाय! थिअरी नंतर वाचा, आधी रोज पोथीचं एक पान वाचायचंच, कारण जुन्या मराठी पोथीत शब्द तोडलेले नसतात, सगळी ओळ सलग असते आणि डोळ्याला ती सवय लागायला वेळ जातोच. महानुभावांच्या पोथ्या घेणार असाल तर सकळ लिपीही (त्यांची सांकेतिक लिपी) शिकावी लागेल.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- पुष्पिकेतला (पोथीच्या शेवटच्या नोंदीतला) शक ग्रंथरचनेचा धरतात. बहुतेकदा तो नकलेचा असतो, कधी तर जुन्या प्रतीतला तसाच उतरवलेला! (शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन.)
- नुसत्या स्कॅनवर भागवतात. कागद, शाई, समासातल्या दुरुस्त्या प्रत्यक्षच बघा.

पाठभेद (वेगवेगळ्या प्रतींतले शब्दांचे फरक), संपादन वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. संग्रहांची परवानगी मात्र आजच मागा, वेळ लागतो.